चुन्याच्या भिंतीला पाणी

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी मी टाइमपास म्हणून वाचते. विश्वास शून्य. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. सिव्हिल इंजिनियर आहे, आणि मेहनतीने झाले.

जुन्या भोपाळात एका हवेलीच्या दुरुस्तीवर माझी ड्यूटी होती. अशा भिंतींना सिमेंट चालत नाही, आत ओल कोंडते. म्हणून चुना, विटांची भुकटी, गूळ, बेलाचं पाणी... आणि हा गिलावा वाळेपर्यंत वरचेवर भिजवावा लागतो, नाहीतर तडकतो.

हे पाणी मारायचं काम माझ्या मायचं. भंडाऱ्याहून इथे आली आणि शहराच्या करोंद भागातल्या बांधकामांवर जन्मभर तेच केलं. पाइप धरायची नाही. बादलीतून ओंजळीने मारायची. "पाज तिले, धुऊ नको," म्हणायची. मी शेवटच्या वर्षाला असताना गेली. माझ्या हातची एक तरी भिंत तिने पाहायला हवी होती... बस, एवढंच.

होळीला मजूर गावी गेले. चौकीदाराला फोन केला, तर म्हणतो, "मैडम, नल ही नहीं आया, ड्रम सूखा पड़ा है. टेन्शन मत लो, दीवार कहाँ भागी जा रही है!"

भरदुपारी स्कूटीवर पाण्याचे कॅन लादून गेले. दालनाचं कुलूप मीच उघडलं, किल्ली माझ्याकडेच असते.

आत पाऊल टाकलं आणि ऐकलं — छप्... जरा थांबून, छप्. खांबापलीकडून, नव्या गिलाव्याच्या बाजूने. पाइपचा आवाज वेगळा असतो, मगने मारलेल्या पाण्याचा वेगळा. हा ओंजळीचा होता. आणि मधेच, कंबर सरळ करताना माय करायची तसा हुंकार.

भीती नाही वाटली, खरंच. वाटलं, खांब ओलांडला की संपेल. तशीच ऐकत उभी राहिले. मग राहवलंच नाही.

"माय, पाह्य ना... मी केली."

आवाज थांबला.

पलीकडे कोणी नव्हतं. ओल टिकावी म्हणून भिंतीवर टांगलेली गोणपाटं ठिबकत होती. गिलावा गार, एक तडा नाही. ड्रम कोरडा. चौकीदार म्हणाला, "कौन आएगा मैडम? गेट पे तो मैं बैठा हूँ."

चुना ओल धरतो, मान्य. पण त्या उन्हात गोणपाट ठिबकत नाही. आणि आवाजाचं काय?

आता दुसऱ्या साइटवर आहे. सुट्टीच्या दुपारी एकटीच जाते, ओल्या गिलाव्याजवळ कान देऊन उभी राहते. बोलत मात्र काही नाही.