जोतीरामची बायको

निरवांगी गावात बनाबाईंना बना म्हणणारे कोणी उरले नव्हते. गिरणीत, नळावर, सोसायटीच्या दुकानात त्या ‘जोतीरामची बायको’ होत्या. पुढे जोतीरामांनी बारामतीत रेश्मा नावाच्या स्त्रीशी दुसरा संसार मांडला. गावाने तरीही ते दोन शब्द बनाबाईंकडेच राहू दिले, आणि हातावरच्या गोंदणासारखे ते आपलेच आहेत असे त्या मानीत राहिल्या.

शब्दाच्या ठायी वस्तूकडे निर्देश करण्याची जी शक्ती असते, तिला आपल्या शास्त्रकारांनी अभिधा म्हटले आहे. विशेषनामाचा निर्देश एकाच व्यक्तीवर स्थिरावलेला असतो. ‘अमक्याची बायको’ हे नाव नव्हे, वर्णन होय. जी त्यात बसेल तिच्याकडे ते वळते. अक्षरही न बदलता त्याखालचे माणूस बदलू शकते. बनाबाईंना हे कोणी सांगितले नव्हते.

धाकटे दीर ज्ञानदेव यांची पत्नी गेली तेव्हा त्यांचा ऋषिराज रांगत होता. बनाबाईंनी त्याला वाढवले. आता त्याचे लग्न निघाले. घराचा रिवाज असा की नवरदेवाच्या वडिलांनी हाक द्यावी आणि थोरल्या सुनेने पहिली हळद लावावी. चारचौघांत सुनेचे नाव घ्यायचे नाही, म्हणून हाक तिच्या नवऱ्याच्या नावाने. एवढा एक मान बनाबाईंना त्या लग्नातून हवा होता.

हळदीच्या सकाळी जोतीराम मोटारीतून आले. मागून रेश्मा उतरली. मांडवात कुजबुज झाली आणि विरली.

“पदर खोच गं,” शेजारच्या अक्काबाई बनाबाईंना म्हणाल्या, “न्हायतर नव्या लुगड्याची हळद हुईल.”

“हू दे. त्याच्यासाठीच घेतलंय.”

ज्ञानदेवांनी घसा साफ केला. नजर मांडवाच्या खांबाकडे ठेवून ते म्हणाले, “जोतीरामच्या बायकूनं हळद लावावी.”

बनाबाई उठल्या. समोरून रेश्माही उठली. ज्ञानदेव खांबाकडेच पाहत राहिले. जोतीरामांनी हळदीची वाटी उचलून रेश्माच्या हाती दिली. पाटावरचा ऋषिराज मान खाली घालून बसला होता. त्याच स्थितीत त्याने गाल पुढे केला.

दुपारी बनाबाईंनी दिराला चुलीमागे गाठले. “भावजी, माजं नाव ठावं हाय का तुमाला?”

“असं काय इचारता, वैनी?”

“मग आज एक डाव घ्यायचं हुतं.”

“मी तुमाला न्हाय कुठं म्हणालो? जोतीरामच्या बायकूला बोलावलं. कोण उठंल ते काय माज्या हातात हाय व्हय?”

नाव त्यांना पक्के ठाऊक होते. ते घेतले असते तर ते एकाच बाईवर जाऊन थांबले असते; थोरल्या भावाची मर्जी मोडली असती. म्हणून त्यांनी रिवाज पाळला. भित्र्या माणसाला रिवाजासारखी सोय नाही.

संध्याकाळी वऱ्हाड निघण्यापूर्वी ऋषिराज पाया पडायला आला. चेहरा दुसरीच्या हातच्या हळदीने पिवळा.

“येतो, काकी.”

बनाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. शांतपणे म्हणाल्या, “कुठली रं?”

तो वाकलेलाच राहिला. बाहेरून जोतीरामांनी त्याला हाक मारली, तेव्हा तो उठून गेला.