तग धरणाऱ्या संस्था आणि माझा दादा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी देवरीच्या आमच्या वसतिगृहात मुलींना नाश्ता वाढत होते. "हे गेले गं…" एवढंच ती बोलली. मी नागपूरला पोचले, तर दादाच्या उशाशी लता बसलेली. आमगावला बायकांसाठी दवाखाना चालवते ती लता. सख्ख्या बहिणीच्या आधी येऊन बसलेली. भाऊ समोर निजलेला, आणि मला आधी दिसलं ते हेच.

देणगी देणारी मंडळी दादाला सेवाभावी संस्थांचे ताळेबंद दाखवायची. ही संस्था पुढची काही वर्षं तग धरेल की नाही, हे तो सांगायचा. पैसा किती, हे तो नंतर बघे. तो पैसा किती ठिकाणांहून येतो आणि त्यातली एक वाट बंद झाली तर पगार कुठून निघतील, हे आधी. लताला गावोगावचे लोक थोडं थोडं द्यायचे, कुणी पैसे, कुणी धान. "तिची संस्था टिकते," असं दादा चारचौघांत सांगे. माझं वसतिगृह मात्र एकाच कंपनीच्या देणगीवर उभं होतं. नवी इमारत, नवे पलंग… मी कौतुकाची वाट बघत होते. सगळं फिरून आल्यावर तो म्हणाला, "त्या कंपनीनं हात आखडला तर तुझं कठीण हाय, बाई."

"अन् लताचं?"

"तिचं काऊन विचारून राहिली? मी तुझं सांगून राहिलो."

कित्येक महिने मी त्याच्याशी धड बोलले नाही. तो आमगावला जातच राहिला. कोणीतरी सांगितलं, की तिथं तो पोटभर जेवतो, हसतो. माझ्याकडे आला की नुसते प्रश्न विचारायचा.

कंपनीनं हात आखडलाच. मुलींना घरी पाठवायची वेळ आली तेव्हा दादा आला. 'सांगितलं होतं ना' असं एकदाही म्हणाला नाही. माझ्यासोबत गावोगाव फिरला, लोकांपुढे मागायची लाज त्यानंच मोडली. पण तांदळाची पहिली पोती आली ती लताच्या गावांतून, दादानं तिला सांगितलं म्हणून. मुली पोटभर जेवल्या. माझ्या घशाखाली तो भात उतरेना.

आज वसतिगृह चालू आहे. शेतकरी, दुकानदार, शिकून गेलेल्या मुली, सगळ्यांकडून थोडं थोडं येतं. दादाचं भाकीत मी खोटं पाडलं असं म्हणावं, तर ते खोटं पाडायची वाटही त्यानंच दाखवलेली.

गेल्या आठवड्यात लता भेटायला आली. "सर माझ्याकडे सारखे तुमचंच बोलायचे, ताई," म्हणाली. बरं वाटलं; चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. आमच्या व्हरांड्यात एक वेताची खुर्ची आहे. दादा चप्पल काढून, पाय वर घेऊन तिच्यातच बसायचा. लता बसायला तिच्याकडे वळली.

"ती मोडली हाय," मी म्हटलं आणि तिच्यासाठी सतरंजी अंथरली.

खुर्ची मोडलेली नाही.