हातमोज्याची दोन बोटं

पांढुर्ण्याच्या फलाटावर सकाळच्या गाडीची वाट पाहत एक बाई रोज विणत बसायची. सुया सायकलच्या तारा घासून केलेल्या. टाके मोजताना ओठ हलायचे, आवाज मात्र नाही. एकदा तिच्या मांडीवर हातमोजा होता. तीन बोटं विणून झाली होती.

"कोणासाठी विणून राहिल्या, मावशी?" मी विचारलं.

"आमच्या घरधन्यासाठी. कापसाच्या जिनिंगच्या मशीनीत याच हाताची दोन बोटं गेली त्यायची."

मला नको तिथं शहाणपण सुचतं. म्हटलं, "मग तीनच राहू द्या ना. लोकर वाचंल."

हातातला टाका पुरा करून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"गेलेल्या बोटाईलेच तं जास्त थंडी वाजते म्हनतात थे."

आणि उरलेल्या दोन बोटांसाठी तिनं लोकर दुहेरी घेतली.