बोल्टाखालचा शेंदूर

जो दोष नित्य असतो, त्याच्याशी मनुष्य संसार करू शकतो. गळके छप्पर, अधू डोळा, तापट शेजारी, सगळ्यांची सवय होते. परंतु जो दोष आता आहे आणि आता नाही, आणि पाहू जाताच जो लुप्त होतो, त्याचे भय निराळे. ते भय मी एका मनुष्याच्या मुद्रेवर चार दिवस पाहिले. त्याचे नाव नाथाजी मिस्त्री.

आमचे गाव सातारा-सांगली रस्त्यावरचे, कृष्णेच्या अलीकडचे. तेथे माझ्या घरासमोर एका लाकडाच्या वखारीला टेकून नाथाजींची पत्र्याची शेड होती. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याला पलटणीच्या मोटारींवर होते. तिकडून त्यांनी तीन गोष्टी आणल्या : पेन्शन, चामडी पिशवीभर लोखंडी पाने, आणि कोणताही पाना हाती घेण्यापूर्वी तो कपाळाला लावण्याची रीत. ही रीत त्यांना कोणी शिकवली नव्हती. वाळवंटात दिवसभर यंत्राच्या भरवशावर जगल्यावर ती आपोआप अंगी आली, असे ते सांगत. यंत्राला ते निर्जीव मानीत नसत. बिघडलेल्या मोटारीसमोर ते प्रथम उकिडवे बसत, काही क्षण नुसते पाहत, आणि मग हलक्या स्वरात विचारीत, "काय दुखतंया, बाई?"

बेचाळीसच्या चळवळीनंतरचे ते वर्ष. कुठे तारा तुटत, कुठे टपालाच्या पिशव्या जळत, आणि प्रत्येक बिघाडामागे कोणाचा तरी हात शोधला जाई. आमच्या तालुक्याचे फौजदार लालासाहेब यांच्या दिमतीला सरकारने एका ऊसबागायतदाराची काळी परदेशी मोटार ताब्यात घेऊन दिली होती. तिची देखभाल अर्थातच नाथाजींकडे आली. दुसरा मिस्त्री पंचक्रोशीत नव्हता. एवढी गोष्ट मात्र सर्वांना ठाऊक होती की नाथाजींच्या पत्नीचा, तानुबाईंचा, धाकटा भाऊ ज्ञानू आठ महिने फरारी होता.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे लालासाहेब बारा मैलांवरच्या एका गावी फरारी धरण्यास निघाले. चालकाने पायाखालचे बटन दाबले. मोटार निःशब्द. दिवे लावून पाहिले, तेही पेटेनात. चार शिपायांनी आळीपाळीने हँडल मारले, तरी ती नुसती खोकलीही नाही. नाथाजींना बोलावणे गेले. त्यांनी चालकाच्या पायाखालची फळी उचलली, खालची बॅटरी पाहिली, आणि बटन दाबताच मोटार गर्जून उठली. शिपाई हसले. लालासाहेब हसले नाहीत. ते त्या गावी पोचेपर्यंत ऊन पडले होते आणि घर रिकामे होते.

आठवड्याने पुन्हा तेच. त्यानंतर तिसऱ्यांदाही तेच. प्रत्येक वेळी पहाट, प्रत्येक वेळी मोहीम, आणि प्रत्येक वेळी नाथाजींचा हात लागताच मोटार ठणठणीत. त्या गुरुवारी सकाळी लालासाहेब स्वतः शेडमध्ये आले.

"मिस्त्री, तू हात लावलास की ही चालते. मी बसलो की मरते. ह्याचा अर्थ मी काय घ्यायचा?"

"सायेब, दोष हाय. पर त्यो घावंना झालाय."

"तुझ्या मेव्हण्यासारखाच दिसतोय. वॉरंट घेऊन गेलं की घरात नसतो."

मागचे शिपाई खो खो हसले. नाथाजींनी हसण्याचा प्रयत्न केला. ओठ हलले, मात्र हसू उमटले नाही.

"सोमवारी पहाटे मला ही गाडी पाहिजे," लालासाहेब म्हणाले. "दोष काढून माझ्या हातावर ठेव. नाही सापडला तर सोमवारी ह्या गाडीऐवजी तुला घेऊन जाईन, कोठडीत. घातपाताचं कलम फार लांब असतं, मिस्त्री. तुझं वय पुरणार नाही त्याला."

मोटार शेडमध्ये आली आणि तिच्यावर पहारा बसला. पहाऱ्याचा शिपाई बिराप्पा हा माणदेशाकडचा धनगर, जन्माने मेंढ्यांचा राखणदार. मोटारीशेजारी घोंगडे पांघरून तो असा बसे, की ती उठून चरायला जाईल अशी त्याला शंका असावी.

त्या तीन दिवसांत नाथाजींनी काय तपासले नाही? बॅटरीतल्या आम्लाचा जडपणा मोजला, उत्तम. सुरू करणारी मोटर खोलून आतले वीज नेणारे कोळसे पाहिले, उत्तम. बटन सोडवून घासले, प्रत्येक तार बोटांमधून सरकवीत नेली. शुक्रवारी पहाटे थंडीत येऊन फळी उचलली, बटन दाबले, मोटार चालू. शनिवारी पहाटे फळी उचलली, बटन दाबले, मोटार चालू. पूर्ण निरोगी नाडी हाती येत असताना, रोगी सोमवारी मरणार हे ज्या वैद्याला ठाऊक आहे, त्याची जी अवस्था होईल तीच त्यांची झाली. त्यांचे जेवण तुटले. वखारीत कोणी ओंडका टाकला तरी ते दचकून दाराकडे पाहत. मी विचारपूस करण्यास गेलो तेव्हा ते पुटपुटले, "गुरुजी, बंद पडली असती तर लय बरं झालं असतं. चालती हाय, ह्येचंच भ्या वाटतंय."

या भयाच्या पोटात दुसरे भय होते, आणि ते त्यांनी शनिवारी संध्याकाळी चुलीपुढे बसून तानुबाईंना सांगितले. मोटार बरी झाली, तर सोमवारी ती ज्ञानूला धरायला कोणत्या रस्त्याने जाणार हे दोघांनाही कळत होते.

तानुबाई भाकरी थापीत होत्या.

"ज्ञानू त्येचं काम करतोय," त्या म्हणाल्या. "तुमी तुमचं करा. मुद्दाम मोडलेली मोटार त्येला बी आवडायची न्हाई, आन तुमाला बी."

"आन घावला तर?"

"मंग मी रडंन. तुमी कशापायी रडताय आत्तापासनं? जेवा."

ते जेवले नाहीत.

रविवारी पहाटे बिराप्पाची आरोळी ऐकून ते धावत शेडमध्ये आले. थंडीने गारठलेला बिराप्पा उबेसाठी चालकाच्या जागेवर जाऊन बसला होता, आणि बसल्या बसल्या त्याने बटनावर पाय दिला होता.

"आवं मिस्त्री, मेली बगा तुमची म्हातारी! मी कायबी केलं न्हाई, बिरोबाची आण! नुस्ता पाय ठिवला."

मोटार निःशब्द होती. नाथाजींचा हात सवयीने फळीकडे गेला, आणि वाटेतच थांबला. तो हात तसाच हवेत असताना त्यांच्या ध्यानात आले, की आजवर प्रत्येक वेळी त्यांनी पहिल्याने फळी उचलली होती. फळी उचलताना तिची कड खालच्या बॅटरीच्या तांब्याच्या पट्टीला घासते, पट्टी हलते, आणि तुटलेले जुळते.

"बिराप्पा," ते कुजबुजले, "उतर खाली. हळू. फळीला पाय लावू नगंस. मी बगाय जातो म्हून ती बरी हुतीया."

"म्हंजी? मोटार लाजतीया व्हय?"

"गप. हलू नगंस."

दोन तारा जोडलेला तपासणीचा लहान दिवा घेऊन ते मोटारीखाली सरपटले. बॅटरीची वीज तारांतून जाते आणि मोटारीच्या लोखंडी सांगाड्यातून परत येते. सांगाड्याला बॅटरीशी जोडणारी एक तांब्याची विणलेली पट्टी असते आणि ती एका बोल्टाने घट्ट बसवलेली असते. त्यांनी दिव्याची एक तार सुरू करणाऱ्या मोटरच्या जिवंत टोकाला लावली, दुसरी सांगाड्याला. अंधार. दुसरी तार सांगाड्यावरून उचलून तांब्याच्या पट्टीवर टेकवली. दिवा लागला. म्हणजे दोष पट्टी आणि सांगाडा यांच्यामधल्या त्या एका बोल्टापाशी होता. त्यांनी पाना कपाळाला लावला आणि बोल्ट सोडवला.

पट्टीखाली केशरी लाल, लाखेसारखा कठीण झालेला थर होता. शेंदूर.

तो कोणी लावला हे शोधण्याची गरज नव्हती. आश्विनात खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. त्या दिवशी नाथाजी प्रत्येक मोटारीच्या या बोल्टाच्या डोक्याला शेंदराचा ठिपका लावीत. सगळी वीज फिरून येथेच विसावते, म्हणून ही मोटारीची धरणी, अशी त्यांची श्रद्धा. या वर्षी मात्र त्यांनी पट्टी काढून, मूर्ती बसवण्यापूर्वी पीठ सिद्ध करावे त्याप्रमाणे, खालच्या लोखंडालाच शेंदूर माखला आणि वर पट्टी बसवली. युद्धामुळे तिळाचे तेल मिळेना, म्हणून शेंदूर जवसाच्या तेलात कालवला होता. जवसाचे तेल वाळून कातड्यासारखे घट्ट होते आणि विजेला अडवते. दुपारी लोखंड तापून फुगले की कुठेतरी एक कण टेकत असे; पहाटेच्या गारठ्यात तोही सुटे.

नाथाजी मोटारीखालून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. दोष सापडला होता, आणि त्याच्यावर त्यांच्याच बोटाचा ठसा होता.

बिराप्पाने वाकून पाहिले आणि तो सावकाश उठला. "मिस्त्री, पुसून टाका. बोल्ट ढिला हुता म्हना. मी कायबी बगितलं न्हाई."

"ढिला कुणी केला, आसं इच्यारतील."

"मंग?"

"शेंदूर दिसतोय तवर हात देवाच्या नावानं हाय. पुसला, की त्यो चोराचा हुतोय."

त्यांनी थर तसाच ठेवला. वर एक फडके टाकले. त्या दिवशी त्यांनी अनेकदा ते फडके उचलून पाहिले, जणू शेंदूरही दोषाप्रमाणे नाहीसा होईल.

सोमवारी तांबडे फुटण्यापूर्वी लालासाहेब आले. मागे सहा शिपाई होते, आणि एकाच्या कमरेला बेड्या होत्या. त्या कोणासाठी होत्या, हे विचारण्याचे धैर्य कोणालाही नव्हते. नाथाजींनी मोटारीखाली पोते अंथरले होते. दोन्ही हात जोडून ते म्हणाले, "सायेब, वाकून बगावं लागंल. दोष घावलाय. त्यो हात माजाच हाय."

लालासाहेब गुडघे टेकून खाली वाकले. कंदिलाच्या उजेडात त्यांनी तो लाल थर नखाने खरवडला आणि नख नाकाजवळ नेले.

"खंडेनवमीचा?"

"व्हय."

"त्या दिवशी मी होतो इथं."

"व्हता, सायेब."

पूजेच्या वेळी मागे हात जोडून उभे राहिलेल्या लालासाहेबांनीच सांगितले होते, 'मिस्त्री, दिवस वाईट आहेत, शेंदूर लावताना हात राखू नकोस.' ते वाक्य आता दोघांच्यामध्ये उभे होते आणि ते उच्चारणे फौजदाराला परवडणारे होते, मिस्त्रीला नव्हते. नाथाजींनी ते उच्चारले नाही. ते हात जोडून उभे राहिले.

लालासाहेब उठले, गुडघे झटकले.

"बिराप्पा, काय होतं बोल्टाखाली?"

"गंज, सायेब. लय गंज हुता."

"गंजच." ते वळले. "घास आणि बसव, मिस्त्री. लवकर."

नाथाजींनी काचकागदाने लोखंड पांढरे होईपर्यंत घासले आणि पट्टी बसवली. त्या बोचऱ्या थंडीत, फळीला कोणाचाही हात न लागता, मोटार पहिल्या दाबाला सुरू झाली. लालासाहेब बसले. बेड्याही बसल्या. मोटार वळली ती त्याच बारा मैलांच्या रस्त्याने.

तो आवाज दूर जाऊन विरेपर्यंत नाथाजी रस्त्यात उभे होते. आपल्या हातची मोटार न खोकता धावत आहे हे ऐकून एखादा कारागीर इतका भ्यालेला मी पुन्हा पाहिला नाही. तानुबाई दारात आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. सूर्य वर आला, वखारीत करवत सुरू झाली, तरी ती दोघे आपापल्या जागी होती.

मोटार परतली तेव्हा मध्यान्ह झाली होती. ती शेडसमोरून गेली. मागच्या बाकावर बेड्या तशाच रिकाम्या होत्या; ज्ञानू त्यांत नव्हता. कडेच्या फळीवर उभ्या असलेल्या बिराप्पाने जाता जाता ओरडून सांगितले, "एका दमात सुरू हुतीया, मिस्त्री! जाताना बी, आन येताना बी!"

नाथाजी तिथेच मातीत बसले. तानुबाई आत गेल्या, आणि थोड्या वेळाने तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला.