नीलाक्कांचं ‘साकू’

नीलाक्का डोंगरावर चढतात ते लोकांची घरं मोडायला, असं आमच्या गावात बोललं जायचं. खरं तर त्या विटक्या इरकल लुगड्यातल्या, कपाळाला विभूती लावणाऱ्या एक बारक्या म्हाताऱ्या बाई होत्या. यंदा उन्हाळा लागताना त्या गेल्या. त्यांच्यामागं त्यांचं कुणी नाही, म्हणून मी लिहितेय. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

सास्तूरकडच्या आमच्या भागात डोंगर म्हणजे एक उघडी टेकडीच. वर महादेवाचं लहानसं देऊळ, भोवती कुसळं, वारा आणि चपटे दगड. ज्याला घर व्हावंसं वाटतं तो तिथं दगडावर दगड रचून येतो. जितके दगड, तितके मजले. नीलाक्का दर सोमवारी वर जायच्या, महादेवाच्या पाया पडायच्या आणि प्रत्येक ढिगातले वरचे दगड उचलून बाजूला ठेवायच्या. तळाचा एकच राहू द्यायच्या. “साकू,” म्हणायच्या. त्यांचं माहेर कर्नाटकातलं, आणि कानडीत साकू म्हणजे पुरे. कुणी चहा ओतू लागलं, भाकरी वाढू लागलं, तरी त्यांचा हात आडवा. साकू.

एकदा एका माणसानं त्यांना वर गाठलंच. “ए म्हातारे, तुझ्यापायी माझा स्लॅब अडकलाय!”

“एक खोली ठिवलीय की बाबा,” अक्का म्हणाल्या. “तेवढ्यात मावत न्हाईस व्हय?”

लोक हसले. पण मग गावातल्या मोठ्या माणसांनी त्यांना सांगितलं, सोमवारी वर यायचं नाही. तेव्हापासून अक्का मंगळवारी जाऊ लागल्या. मंगळवारी त्या डोंगरावर चिटपाखरू नसतं.

मी लातूरला कॉलेजात शिकते. आमच्या घरातली मीच पहिली. सुट्टीत आले की घरच्यांशी काय बोलावं कळायचं नाही. आईसुद्धा पाहुणीला वाढावं तसं मला वाढायची. म्हणून मी अक्कांबरोबर डोंगरावर जाऊ लागले. चढताना त्या बोलत नसत. मी मागं पडले की फक्त “बा, बा,” म्हणायच्या, म्हणजे ये, ये. मला तेवढं बोलणं पुरत होतं.

एकदा उतरताना मी धीर करून विचारलं, “अक्का, तुम्ही लोकांचे दगड का काढता?”

“म्या बी रचले होते,” त्या म्हणाल्या. “मालक नको म्हनत होते. मलाच हौस, वर एक माडी पायजे. देवानं दिली. भूकंपात तीच पडली, मालकांवर आन् माज्या लेकीवर.” मग म्हणाल्या, “देव ऐकत न्हाय म्हनतेत लोक. ऐकतो गं. त्याचंच भ्या वाटतं मला.”

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे गुडघे अर्ध्या वाटेवरच थांबले. त्या खाली बसल्या. “तू जा. तेवढे वरचे काढून ये.”

मी एकटी वर गेले. एक ढीग माझ्या कमरेएवढा होता. खाली रुंद दगड, वर लहान होत गेलेले, फटींत खडे नीट सारलेले. कुणाची तरी अख्खी दुपार त्यात गेली असणार. मी हात लावला आणि मागं घेतला.

“काढलेस?” मी परत आल्यावर अक्कांनी विचारलं.

“नाही अक्का. माझ्यानं झालं नाही.”

“लई उंच हायेत?”

“हो.” मग मी मला कळतं तसं सांगितलं, की आता घरं दगडामातीची नसतात. खांबांत लोखंड घालतात, सगळं घर एकमेकांना बांधलेलं असतं. बांधकामातलं मला फारसं कळत नाही, पण त्यांना सांगताना मी आवाज ठाम ठेवला.

“लोखंड घालतेत?”

“घालतात.”

“समदे?”

“बहुतेक.”

अक्कांनी वर देवळाकडं बघितलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. “मग राहूंदे,” म्हणाल्या.

मला हलकं वाटलं. आम्ही खाली वळलो. थोडं उतरल्यावर त्या थांबल्या.

“मग आता मंगळवारी म्या काय करू गं पोरी?”