उन्हात घातलेली गिटार

बाळांनो, पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. नंतर काही दिवस लिहायला मनाई, म्हणून ही एक गोष्ट आधीच लिहून ठेवते. फोनवर सांगायला घेतली की तुम्ही मध्येच हसता आणि माझा क्रम चुकतो.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून वर्ष झालं होतं. आम्ही सांगलीत राहत होतो आणि मी इंग्रजी शाळेत, म्हणजे आताच्या हायस्कुलात, जात होते. फौजेत गेलेले माझे थोरले दादा इटलीहून दुखावलेला पाय आणि एक गिटार घेऊन परतले. तिथल्या इस्पितळात पाय प्लास्टरमध्ये असताना ते ती वाजवायला शिकले होते. एरवी ते लंगडत चालत आणि कुणाशी फार बोलत नसत. गिटार हातात आली की मात्र घरभर त्यांचं गुणगुणणं चाले. साताऱ्याला नोकरी लागली तेव्हा, खोली मिळेपर्यंत, त्यांनी ती माझ्या हवाली केली. "तू नीटनेटकी हायस, म्हणून तुझ्याकडं," असं म्हणाले.

हा नीटनेटकेपणाच नडला. चैत्रात आमच्याकडे सगळं घर उन्हात निघे. गाद्या, उशा, डाळी, मिरच्या. कीड लागू नये म्हणून मी गिटारही मिरच्यांशेजारी चटईवर ठेवली आणि दुपारी आठवणीने तिची कूसही बदलली. संध्याकाळी पाहते तर पुढच्या फळीला भोकापासून खालपर्यंत उभी चीर.

दादा दहा दिवसांनी गिटार न्यायला येणार होते. मी वडिलांना सगळं सांगितलं. ते पलटणीतले पेन्शनर. ओरडले नाहीत. टांगा बोलावून मला आणि गिटारीला घेऊन मिरजेला एका सतार बनवणाऱ्या कारागिरांकडे गेले. त्यांच्या हातातलं काम पंधरा दिवस सुटणार नव्हतं. त्यांनी फळीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "लाकूड तहानलंय, साहेब. आधी पाणी पाजा, मग सरस लावा. आणि सरस उकळू देऊ नका, नाहीतर धरणार नाही." सरसाची, म्हणजे लाकूड चिकटवायच्या खळीची, एक वडी त्यांनी कागदात बांधून दिली.

घरी तारा सैल केल्या. ट्रंकेत गिटारीशेजारी ओल्या फडक्याची वाटी ठेवून झाकण लावलं. पाच दिवसांत चीर केसाएवढी झाली. रात्रभर भिजवलेला सरस सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करायचा होता. पण सरस जनावराच्या कातड्याचा, आणि आईच्या गळ्यात तुळशीची माळ.

"आवं, ते माझ्या चुलीवर न्हाई चालायचं," एवढंच ती म्हणाली.

मग न्हाणीघरातल्या चुलीवर तो पातळ केला. वास असा की मांजर दोन दिवस घरात आलं नाही. वडिलांनी अंगठ्याने सरस चिरेत दाबला, मी गरम फडक्याने ओघळ पुसले. आता घट्ट बांधायला काय? वडिलांनी खुंटीवरचा फेटा काढला आणि गिटारीला करकचून गुंडाळला.

दोन दिवस हात लावायचा नव्हता. दादा मात्र एक दिवस आधीच दारात उभे.

पलंगावरच्या फेट्याकडे बघत ते म्हणाले, "कुणाचं लगीन हाय?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ते पलंगाच्या कडेवर बसले. 

मग म्हणाले, "मिरच्यांसंगं वाळत घातलीस. मीठ लावलं हुतंस का गं?"

आई पदर तोंडाला लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी फेटा सोडला. दादांनी एकेक तार हळूहळू चढवली, मध्येमध्ये थांबून, कान फळीला लावून. मी खांबाला धरून उभी होते. जोड सुटला असता तर तो त्याच क्षणी सुटला असता. सुटला नाही. जाड तार जरा खरखरली, बाकीच्या बोलल्या. मग ते गुणगुणायला लागले.

"वाजतीय लय झ्याक," ते म्हणाले. "पर उन्हाळ्यात तुझ्याकडं ठेवायची न्हाई."

पुढे कित्येक वर्षांनी दादा वारले, तेव्हा वहिनींनी गिटार माझ्याकडे पाठवली. आता तिला तारा नाहीत, दोन खुंट्याही गेल्या आहेत. सरसाचा जोड अजून पक्का आहे.