भुजंगराव कंडक्टरचं कुत्रं

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाचं आठ महिन्यांचं कुत्रं ऐकत नाही, म्हणजे काय! गाडीत नव्वद माणसं, वर दोन बकऱ्या, शिवाय पास घरी विसरलेली कॉलेजची टोळी. एवढ्या सगळ्यांना भुजंगरावांनी नुसत्या 'पुढं सरका'वर पुढं सरकवलं होतं. आणि हे लांबटांग्यं बेणं त्यांना काडीची किंमत देत नव्हतं. बस म्हटलं की उडी मारायचं. ये म्हटलं की पळायचं. गप म्हटलं तर असा काही गळा काढायचं, की समोरचा दुकानदार बाहेर येऊन विचारायचा, "कोण गेलं हो, कंडक्टर?"

"अजून तरी कोणी न्हाई. पर मी जाईन आता," भुजंगराव म्हणायचे.

कुत्रं आणलं होतं रेणापूरच्या केरबाकडून. केरबा मेंढरं राखायचा. "कारवानी रक्त हाय मालक, शिकारी जात, पर स्वभाव लई शांत," असं त्यानं गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं. शांत! आल्या दिवशी त्या शांत स्वभावानं भुजंगरावांची उजव्या पायाची चप्पल खाल्ली. दुसऱ्या दिवशी डाव्या पायाची खाल्ली. चला, जोड तरी पुरा झाला.

माडीवर राहणाऱ्या चार पोरींनी त्याचं नाव 'रँकर' ठेवलं. चौघी बारावीच्या, डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातुरात शिकवणीला आलेल्या. ट्यूशन एरियाच्या त्या गल्लीत घर तिथं मेस, माडी तिथं पोरं, आणि विजेच्या प्रत्येक खांबावर कुणा ना कुणाचा फोटो आणि खाली त्याचा रँक. "ह्याचाबी लावा म्हणावं," भुजंगराव चिडून म्हणायचे, "खालून पहिला!"

आता कुत्रं केरबाला परत द्यावं आणि मोकळं व्हावं. शेजारचा जिलानी वेल्डर रोज हेच सांगायचा. "कंडक्टरसाब, ये आपके बस का नहीं. सोडा त्याला." पण सोडता येत नव्हतं, कारण घराच्या दाराला कडी नव्हती.

हे जरा नीट सांगायला पाहिजे. भुजंगरावांचं गाव किल्लारीच्या पलीकडचं. भूकंपाच्या पहाटे घरात त्यांची बायको नागाबाई आणि त्यांची आई, अशा दोघीच होत्या. जमीन हलली तशी नागाबाई दाराकडं धावली. पण भिंत कलली होती आणि दाराची कडी वाकून अडकली होती. तिनं ओढली, ठोकली, नखं तुटेस्तोवर हिसकली. कडी निघाली नाही, आणि वरचं मातीचं माळवद खाली आलं. दुपारी लोकांनी उकरून नागाबाईला बाहेर काढलं. सासूला काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं. भुजंगराव त्या रात्री मुक्कामी गाडीवर देगलूरला होते. ते गावात पोचले संध्याकाळी.

त्याला बावीस वर्षं झाली. पुढं दोघं लातूरला आली, घर बांधलं, वर माडी चढवली. पोटी लेकरू नव्हतं. पण नागाबाईनं दाराला कडी काही बसवू दिली नाही. दार रात्रभर उघडं, त्याला फक्त पडदा. ती दारासमोरच्या खोलीत झोपायची आणि भुजंगराव मागच्या खोलीत, पंख्याखाली. त्या पहाटेबद्दल ती कधी बोलली नाही आणि ह्यांनीही कधी विचारलं नाही. विचारायचं तरी कोणत्या तोंडानं?

माडीवर पोरी आल्या आणि नागाबाईत फरक पडला. चौघींच्या चार आवडी तिनं पाठ केल्या. कुणाला भाकर कडक लागते, कुणाला वरणात लसूण चालत नाही. पोरी जिन्यावरनं धडाधडा उतरल्या की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "पडसाल गं!" आणि ओरडून झालं की हसायची. भुजंगरावांनी ते हसू कित्येक वर्षांनी ऐकलं होतं.

आणि मग आले शेषेराव. त्यातल्या अंबिका नावाच्या पोरीचे वडील, देगलूरला तहसिलात कारकून. जिना घरातूनच वर जातो आणि घराला कडी नाही, हे बघून त्यांचा चेहराच उतरला. "भुजंगराव, लेकरं आमची तुमच्या भरवशावर. असं सताड उघडं दार?" त्यावर भुजंगराव पटकन बोलून गेले, "कुत्रं आणतोय ना! असलं तयार करतो, चिमणी आत येणार न्हाई." शेषेराव म्हणाले, "ठीक. महिन्यानं रविवारी येतो. कुत्रं कामाचं दिसलं तर उत्तम. न्हाईतर कडी बसवा, न्हाईतर मी पोरीला घेऊन जातो." अंबिका गेली की बाकीच्या तिघींचे वडील काय थांबणार होते? भुजंगरावांनी जिलानीला हळूच सांगून ठेवलं, "एक कडी बनवून ठेव. आमच्या घरात बोलू नको."

तर असं हे कुत्रं. महिन्याचे बारा दिवस ओरडण्यात गेले. मग तेराव्या दिवशी भुजंगरावांनी ट्रंक उघडली आणि तिकिटाला भोक पाडायचा आपला जुना पंच काढला. डेपोत मशीन आली तेव्हा तो जमा करायचा होता. राहिला तो राहिलाच. हातात घेतला तसा अंगठा आपोआप चालला. टिक. टिक-टिक. कुत्र्यानं कान उभे केले.

"अस्सं!" भुजंगराव म्हणाले. "तुला माणसाची भाषा न्हाई कळत. गाडीची कळती."

झालं. गाडीचा कायदा त्याला लावला. सिंगल बेल म्हणजे थांब: एकदा टिक झालं की असेल तिथं बसायचं, भाकरीचा कुटका मिळेल. डबल बेल म्हणजे चल: दोनदा टिक झालं की फाटकापर्यंत पळत जायचं, भुंकायचं, परत यायचं, पुन्हा कुटका. चार दिवसांत कुत्रं ड्रायव्हरपेक्षा बरं चालायला लागलं. दुपारी जिलानी हातातलं काम टाकून बघायला यायचा. टिक, की रँकर बसला. टिक-टिक, की सुटला. "क्या बात है!" जिलानी म्हणायचा. "माझं पोरगं द्यू का पाठवून तुमच्याकडं?"

ही झाली दुपारची गोष्ट. संध्याकाळी सहाला पोरी शिकवणीवरून आल्या, जेवून अभ्यासाला बसल्या, की कुत्र्याच्या अंगात यायचं. बसायचं, उठायचं, फाटकाकडं धावायचं, अर्ध्या वाटेत मटकन बसायचं, पुन्हा भुंकत सुटायचं. धापा टाकत भुजंगरावांकडं बघायचं आणि ह्यांच्या हातात तर पंचच नाही! वरनं पोरी ओरडायच्या, "आजोबा, प्लीज त्याला गप करा ना!" खालनं भुजंगराव ओरडायचे, "मी काय करायलोय का त्याला?" असे दहा दिवस. माणूस बेजार झाला. जेवण जाईना. जिलानी म्हणाला नजर लागली, लिंबू उतरवा. भुजंगरावांनी कधी असल्या गोष्टी मानल्या नव्हत्या, पण तेही करून पाहिलं. कुत्र्यानं लिंबू खाल्लं.

शेवटी शुक्रवारी नागाबाईचे गुडघे दुखत होते म्हणून दूध वर नेऊन द्यायला ते स्वतः माडी चढले. चार पोरी चार भिंतींना टेकून बसलेल्या, मांडीवर प्रश्नांचे गठ्ठे आणि हातात दाबायचे पेन. विचार करताना एक दाबत होती, टिक. उत्तर सापडलं की दुसरी, टिक-टिक. अंबिकाचा तर अंगठा थांबतच नव्हता. खाली कुत्रं बसत होतं, उठत होतं, पळत होतं.

"अरे देवा!" भुजंगरावांनी कपाळावर हात मारला. "वर चार कंडक्टर बसल्यात आणि खाली गाडी एक! ते बिचारं ऐकणार तरी कुणाचं?"

पोरी हसून हसून आडव्या पडल्या. भुजंगराव त्याच पावली दुकानात गेले आणि झाकणाचे डझनभर पेन घेऊन आले. त्या संध्याकाळी घर कसं शांत! रँकर दारात पंजांवर हनुवटी टेकून पडला. नागाबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शिकलं की हो." भुजंगरावांच्या जिवात जीव आला.

रविवारी सकाळी शेषेराव आले. फाटक वाजलं तसं भुजंगरावांनी खिशातला पंच दोनदा दाबला. रँकर सुसाट फाटकाशी गेला, भुंकला. एक टिक, जागच्या जागी बसला. शेषेराव चाट पडले. खुर्चीवर बसले, रँकर खुर्चीखाली येऊन पडला. पाणी पिताना ते म्हणाले, "मानलं बुवा. कडीचं काही न्हाई मग. असं करा, तुमच्या शेजारच्यांचा एक नंबर द्या, अडीअडचणीला." आणि त्यांनी खिशाचा पेन काढला.

भुजंगरावांना तो पेन दिसला. तोंड उघडेपर्यंत उशीर झाला होता.

कारकून माणूस, लिहिण्याआधी पेन दाबून बघायची सवय. टिक-टिक. कुत्रं त्यांच्या खुर्चीखालून बाणासारखं गेलं. ते दचकले, अंगठा पुन्हा दबला. टिक, परत येणारं कुत्रं त्यांच्या पायावरच बसलं. ते ओरडले, घाबरून हात झटकू लागले. टिक-टिक, टिक, टिक-टिक. पाण्याचा तांब्या आडवा झाला, खुर्ची कलंडली, धोतर भिजलं. "अहो, पेन टाका! पेन टाका!" भुजंगराव ओरडत होते आणि शेषेरावांना ते 'पेन' का म्हणताहेत हेच कळत नव्हतं. शिकवलेली एकही गोष्ट कुत्रं चुकत नव्हतं. पण हे सांगावं कुणाला?

शेवटी पेन खाली पडला. सगळं शांत झालं.

शेषेराव धोतर पिळत उठले. "भुजंगराव, हे येडं कुत्रं हाय. लेकरांना चावलं तर? आजच्या आज कडी बसवा. न्हाईतर अंबिका, बॅग भर."

आवाज ऐकून जिलानी आला होता. त्याच्या हातात ती कडी होती, नवी कोरी, लाल रंग दिलेली. त्यानं भुजंगरावांकडं बघितलं. नागाबाईनं कडीकडं बघितलं. कडी आधीच तयार होती, हे तिला कळलं. ती तशीच वळली. आत गेली, आपलं अंथरूण आणि उशी काखेत मारून आली आणि बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

"बसवा," ती म्हणाली. "पोरी ऱ्हाऊ द्या. मी हितं झोपत जाईन."

तिला साठावं लागलं होतं, गुडघे धरलेले, आणि ती ओट्याच्या फरशीवर सतरंजी सरळ करत होती. जिन्यावर पोरी उभ्या होत्या. भुजंगरावांना स्वतःचाच असा संताप आला, की कुत्र्यावर महिनाभर केलेला सगळा राग त्यापुढं काहीच नव्हता. मोठं डोकं लावून कुत्रं शिकवत बसलो! राखण कशाची करायची होती, आणि कुणी करायची होती?

ते मागच्या खोलीत गेले आणि पंख्याखालची बाज ओढत घेऊन आले. चौकटीला घासत, भिंतीचा रंग काढत त्यांनी ती पुढच्या दारात आडवी टाकली. बाज ओलांडल्याशिवाय ना कुणाला आत येता येत होतं, ना बाहेर जाता.

"शेषेराव," ते म्हणाले, "ह्या दाराला कडी बसणार न्हाई. ह्या दारात रोज मी झोपणार. आत येणाऱ्याला माझ्या अंगावरनं यावं लागंल. आणि आतल्या कुणाला बाहेर निघायची येळ आली, तर मी एका लाथेत बाज बाजूला करीन. पटत असलं तर पोर ठेवा, न्हाईतर न्या."

शेषेराव बाजेकडं बघत राहिले. मग नागाबाईच्या अंथरुणाकडं. मग अंबिकाला म्हणाले, "बॅग ऱ्हाऊ दे."

जिलानीनं कडी सदऱ्याखाली घातली आणि तो निघून गेला.

नागाबाई ओट्यावरून उठली. सतरंजीची घडी घातली आणि बाजेशी आली. भुजंगराव बाजेवर बसले होते, घामाघूम, आणि कुत्रं बाजेखाली शिरून त्यांची नवी चप्पल हुंगत होतं. ती त्यांच्याकडं बघत उभी राहिली. तिचा चेहरा हसरा नव्हता, आणि रडवाही नव्हता.

"बावीस वर्सं," ती म्हणाली. "बावीस वर्सं लागली व्हय तुम्हाला, देगलूरहून घरी यायला?"

 भुजंगराव बाजेवर एका बाजूला सरकले. तिनं बाजेवरूनच अंथरूण आत टाकलं आणि ती त्यांच्याशेजारी दारात बसली.